उठून उभे राहण्यासाठी आधार

निरोगी माणूस दिवसातून कित्येक वेळा बसतो आणि उठतो. या साध्या हालचालीत किती स्नायूंचा व सांध्यांचा सहभाग असतो, याची जाणीव त्याला क्वचितच असते. घरातील एखाद्याला अर्धांगवायूचा झटका आल्यावर, मांडीचे हाड मोडल्यावर किंवा वार्धक्याने पायांतील बळ ओसरू लागल्यावर ती जाणीव होते. मग बिछान्यावरून खुर्चीवर आणि खुर्चीवरून शौचकूपापर्यंत जाणे हा साऱ्या घराच्या काळजीचा विषय होऊन बसतो. अशा व्यक्तीची शुश्रूषा घरी होऊ शकेल किंवा नाही, हे पुष्कळदा या चार पावलांवरच अवलंबून असते.

ओढून उठवण्यातील अपाय

अशा प्रसंगी सामान्यतः घरातील धडधाकट माणूस रुग्णाच्या समोर उभा राहतो, त्याच्या काखांत हात घालतो आणि त्याला वर ओढतो. रुग्णाला त्याच्या गळ्यात हात टाकण्यासही सांगितले जाते. ही रीत दोघांनाही अपायकारक आहे. खांद्याच्या सांध्याची खोबण उथळ असते आणि बाहूचे हाड मुख्यतः भोवतालच्या स्नायूंच्या बळावर जागच्या जागी राहते. अर्धांगवायूने हे स्नायू लुळे पडले म्हणजे ते हाड हाताच्या भारानेच खाली सरकू लागते. अशा हाताला हिसका बसल्यास सांधा दुखावतो आणि ते दुखणे महिनोन् महिने टिकू शकते.

उठवणाऱ्याच्या पाठीची स्थितीही फारशी वेगळी नाही. स्वीडनचे अस्थिशल्यविशारद आल्फ नाकेमसन यांनी १९६० नंतरच्या दशकात कण्यातील चकत्यांवर पडणारा दाब प्रत्यक्ष मोजला. सरळ उभे असतानाच्या तुलनेत पुढे वाकून वजन धरताना तो कितीतरी वाढतो, असे त्यांना आढळले. अमेरिकेतील राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेचे टॉमस वॉटर्स यांनी २००७ साली अशी शिफारस केली की, रुग्णाला हलवताना एका माणसाच्या वाट्याला अनुकूल परिस्थितीतही सुमारे १६ किलोपेक्षा अधिक भार येऊ नये. ५५ किलो वजनाच्या रुग्णाला एकट्याने उचलणारा नातेवाईक ही मर्यादा किती ओलांडतो, हे वेगळे सांगावयास नको.

उठण्याची क्रिया कशी घडते

या रीतीत आणखी एक दोष आहे. तो समजण्यासाठी उठण्याची क्रिया पाहिली पाहिजे. बसलेल्या माणसाचे बरेचसे वजन बैठकीवर असते आणि पावलांवर थोडेच असते. उठण्यापूर्वी तो पावले किंचित मागे, गुडघ्यांच्या खाली घेतो. मग धड पुढे झुकवतो. नाक पायांच्या बोटांवर येईल इतके झुकल्यावर शरीराचा गुरुत्वमध्य पावलांच्या दिशेने सरकतो आणि बैठक हलकी होते. त्यानंतरच मांडीच्या पुढच्या बाजूचे व नितंबांचे स्नायू गुडघे आणि कंबर सरळ करतात. म्हणजे वर जाण्याआधी पुढे जावे लागते.

समोर खेटून उभा राहिलेला माणूस नेमकी हीच पुढची जागा अडवतो. झुकता न आल्याने रुग्णाचे वजन मागेच राहते, त्याच्या पायांवर भार येत नाही आणि तो ओझ्यासारखा वर ओढला जातो. पायांत थोडेबहुत बळ शिल्लक असले तरी ते वापरण्याची संधी त्याला मिळत नाही. न वापरलेले स्नायू लवकर क्षीण होतात. त्यामुळे आज आधाराने उठू शकणारा माणूस काही आठवड्यांनी खरोखरच उठेनासा होतो.

साधनांचे प्रकार

उभे राहून जागा बदलण्यासाठी वापरावयाची साधने ही अडचण दूर करतात. सर्वांत साधे साधन म्हणजे मुठी असलेला रुंद कमरपट्टा. तो रुग्णाच्या कमरेला बांधतात. त्यामुळे मदतनीसाला बाजूला उभे राहून तोल सांभाळता येतो आणि रुग्णाचे हात ओढावे लागत नाहीत. पट्ट्याने रुग्णाला उचलावयाचे मात्र नसते. दुसरे साधन फिरत्या चकतीचे. उभ्या राहिलेल्या माणसाची पावले तिच्यावर असली म्हणजे पाय न उचलता त्याला खुर्चीकडे वळवता येते.

तिसरा प्रकार चाकांच्या चौकटीचा. हिच्या तळाशी पाय ठेवण्याची फळी, नडग्या टेकवण्यासाठी गादी आणि समोर पकडण्यासाठी आडवा दांडा असतो. दांडा पुढे असल्यामुळे तो धरताना धड आपोआप झुकते आणि गुडघे घसरत नाहीत. काही चौकटींना मागून मिटणारी बैठक असते. उभे राहिल्यावर ती खाली पाडली की माणूस तिच्यावर टेकून राहतो आणि त्याला तसेच ढकलत नेता येते. विजेवर चालणाऱ्या प्रकारात पाठीमागून घेतलेला पट्टा उठण्यास साहाय्य करतो. रुग्णाला झोळीतून पूर्णपणे उचलणारी यारी ही यांहून वेगळी होय.

कोणासाठी, केव्हा

ही साधने सर्वांसाठी नाहीत. रुग्णाला पलंगाच्या कडेवर तोल सांभाळून बसता आले पाहिजे, निदान एका पायावर भार घेता आला पाहिजे, निदान एका हाताची पकड शाबूत असली पाहिजे आणि सांगितलेले समजले पाहिजे. दोन्ही पायांत अजिबात बळ नसेल किंवा पायावर भार देण्यास वैद्यांनी मनाई केली असेल, तर यारीच योग्य ठरते. शिवाय एकाच माणसाची क्षमता दिवसभर सारखी नसते. कंपवाताच्या रुग्णाला औषधाचा अंमल असताना जे सहज जमते, ते अंमल ओसरल्यावर जमत नाही. म्हणून सकाळचा अनुभव संध्याकाळी गृहीत धरू नये.

वापरताना घाई टाळावी. उभे राहताच सुमारे अर्धा ते पाऊण लिटर रक्त पायांत व पोटात उतरते. दीर्घकाळ पडून असलेल्या माणसाच्या शरीराला हा फरक सावरता येत नाही. रक्तदाब उतरतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. यासाठी त्याला काही मिनिटे कडेवर बसवावे आणि घोटे वरखाली हलवावयास सांगावे. चाकांच्या खुर्चीची गतिरोधके लावावीत. पायांत न घसरणारी पादत्राणे असावीत. काय करावयाचे ते आधी सांगावे आणि रुग्ण तयार झाल्यावरच आरंभ करावा. बसतानाही खुर्चीची कड पायांना लागेपर्यंत थांबून, झुकून, सावकाश बसावे.

घरातील परिस्थिती

अनेक भारतीय घरांत असे साधन नसते. असले तरी उंबरठे आणि न्हाणीघराची अरुंद दारे चाकांना अडवतात. तरीही वरील तत्त्वे उपयोगी पडतात. सुतळीची सैल खाट मध्ये खोलगट होते, बसणाऱ्याचे गुडघे कमरेपेक्षा वर जातात आणि उठणे दुष्कर होते. खाटेवर फळी टाकून तिच्या पायांखाली स्थिर ठोकळे ठेवल्यास तोच माणूस पुष्कळदा थोड्या आधाराने उठतो. भिंतीत पक्का बसवलेला दांडा शौचकूपाजवळ मोलाचे काम करतो. उकिडवे बसणे अशक्य असल्यास त्या जागी कमोडची खुर्ची ठेवावी. चालण्यासाठी वापरावयाची हलकी चौकट मात्र ओढून उठण्यासाठी कधीही धरू नये. ती अंगावर उलटते. कोणते साधन कोणास योग्य, हे भौतिकोपचारतज्ज्ञाकडून ठरवून घ्यावे आणि त्याच्या देखरेखीखाली प्रथम सराव करावा.

योग्य आधाराने उठणारा माणूस दर वेळी आपल्या पायांवर थोडा भार घेतो. दिवसातून आठ-दहा वेळा घडणारी ही क्रिया हाच त्याचा व्यायाम ठरतो. दुसऱ्याने उचलून हलवलेली वस्तू झाल्याची भावना त्याला छळत नाही आणि शुश्रूषा करणाऱ्याची पाठही शाबूत राहते. मदत करणाऱ्याने किती बळ लावावयाचे, याचे उत्तर रुग्णाच्या अंगी किती बळ शिल्लक आहे, यावरून ठरवावे; उणे पडेल तेवढेच पुरवावे.