संक्रांत आणि सुगी : नगर जिल्ह्याच्या पीकक्रमाच्या आधारे एक विचार

मकरसंक्रांत हा भारतातील सुगीचा सण होय, असे सामान्यतः सांगितले जाते. तमिळनाडूतील पोंगल आणि आसामातील माघ बिहू यांच्या बाबतीत हे विधान यथार्थ आहे; कारण तेथे भाताची कापणी त्या सुमारास होत असते किंवा नुकतीच आटोपलेली असते. मराठी मुलखाला ते तसेच्या तसे लागू पडते काय, हे मात्र तपासून पाहिले पाहिजे. 2024 साली ज्याचे नामांतर अहिल्यानगर असे झाले, तो अहमदनगर जिल्हा या तपासणीस विशेष सोयीचा आहे.

या एकाच जिल्ह्यात तीन निरनिराळे पीकप्रदेश एकमेकांस लागून आहेत. पश्चिमेस अकोले तालुक्याच्या डोंगराळ भागात भात पिकतो. तो संक्रांतीपूर्वीच खळ्यावरून घरात आलेला असतो. प्रवरेच्या कालव्यांखालील राहाता, श्रीरामपूर या भागांत ऊस असतो. लोणी येथील सहकारी साखर कारखान्याने 1950-51 च्या हंगामात गाळप सुरू केले. अशा कारखान्यांचे गळीत संक्रांतीच्या बरेच आधी सुरू होते व तिच्यानंतरही चालू राहते. पूर्वेस व दक्षिणेस पाथर्डी, कर्जत, जामखेड, श्रीगोंदा या अवर्षणप्रवण तालुक्यांचे परंपरागत मुख्य पीक म्हणजे रब्बी ज्वारी. ती भाद्रपद-आश्विनात पेरतात आणि माघ-फाल्गुनात काढतात. पौषात तिच्या कणसात दाणा भरत असतो. तो कोवळा दाणा भाजला की त्याचा हुरडा होतो. तात्पर्य, संक्रांतीच्या दिवशी अकोल्याची सुगी होऊन गेलेली असते, प्रवराकाठची चालू असते आणि जामखेडची अजून यावयाची असते.

भाषेची साक्षही याच दिशेने जाते. ‘खरीप’ व ‘रब्बी’ हे दोन्ही शब्द मूळचे अरबी. पहिल्याचा अर्थ शरद, दुसऱ्याचा वसंत. पिकाला दिलेले हे नाव पेरणीच्या नव्हे, तर कापणीच्या ऋतूचे आहे. ‘सुगी’ या शब्दाचा सोयरा कन्नड ‘सुग्गी’ हा होय; तुळू पंचांगात ‘सुग्गी’ हे वसंतातील एका महिन्याचेच नाव आहे. हेमचंद्राने बाराव्या शतकात ‘देशीनाममाले’त ‘सुगिम्हअ’ हा शब्द फाल्गुनोत्सव या अर्थी नोंदविला असून मराठी ‘शिमगा’ त्याच्याशी जोडण्यात येतो. म्हणजे शब्दांवरून पाहू जाता रब्बीच्या प्रदेशातील सुगी पौषात नव्हे, फाल्गुनाच्या आसपास पडते.

मग संक्रांतीचे मूळ कोणते? ते शेतात नसून आकाशात आहे. त्यातही दोन कल्पना वेगळ्या ओळखल्या पाहिजेत. उत्तरायण ही कल्पना प्राचीन आहे. वेदांगज्योतिषात ते माघ शुक्ल प्रतिपदेस, सूर्य धनिष्ठा नक्षत्री असता सुरू होते. तेथे मकर राशीचा उल्लेख नाही. शरपंजरी पडलेला भीष्म वाट पाहतो ती उत्तरायणाची, मकरसंक्रमणाची नव्हे. म्हणूनच त्याची तिथी माघ शुक्ल अष्टमी ही मानली जाते. बारा राशी भारतीय ज्योतिषात रूढ झाल्या त्या इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत, ग्रीक ज्योतिषाच्या संपर्कानंतर. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी उत्तरायणारंभ व मकरसंक्रमण एकाच वेळी होत असत. पुढे अयनचलनामुळे त्यांच्यात अंतर पडत गेले. आज उत्तरायण 21-22 डिसेंबरला लागते, तर संक्रांत 14 किंवा 15 जानेवारीस येते. सुमारे सत्तर वर्षांत ती एका दिवसाने पुढे सरकते.

या सरकण्याकडे दुर्लक्ष झाल्याने एक लोकप्रिय व्युत्पत्ती प्रचारात आली आहे. मराठीत ‘संक्रांत कोसळणे’ म्हणजे अरिष्ट येणे. पानिपतचा रणसंग्राम 14 जानेवारी 1761 रोजी संक्रांतीच्याच दिवशी झाला व त्यावरून हा वाक्प्रचार निघाला, असे सांगितले जाते. परंतु स्वामी विवेकानंदांचा जन्म संक्रांतीच्या दिवशी झाला, ती तारीख 12 जानेवारी 1863 ही होती. त्याच्याही शंभर वर्षे मागे गेले असता गणिताने 1761 चे संक्रमण 10 जानेवारीच्या सुमारास पडते. पानिपतचे दुःख खरे. पण दिवसाचा हा मेळ आजच्या पंचांगावरून मागे लावलेला आहे.

अरिष्टाचा हा अर्थ अन्यत्र शोधावा लागतो, आणि येथे दैवतकथा उपयोगी पडते. संक्रांत ही संकरासुराला मारणारी देवी. दुसऱ्या दिवशी ती किंकरासुराला मारते, म्हणून तो दिवस किंक्रांत, आणि तो अशुभ. पंचांगांत दरवर्षी तिचे वाहन, वस्त्र व शस्त्र यांचे वर्णन येते. ती जे ल्याली असेल ते महाग होणार, ही लोकसमजूत. अशी देवता भरल्या कणग्यांच्या घरात कल्पिली जाणे कठीण. ज्याचे धान्य अजून शेतात उभे आहे, दाणा भरेल की पोचट राहील हे ज्याला ठाऊक नाही, त्याच्या मनात मात्र ती सहज उभी राहते. 1972 च्या दुष्काळाची आठवण ठेवणाऱ्या जिल्ह्याला हे निराळे सांगावयास नको.

सणाच्या आचारांतही हीच अवस्था उमटली आहे. भोगीला खावयाची तीळ लावलेली भाकरी बाजरीची. बाजरी व तीळ ही गेल्या खरिपाची, घरात असलेली पिके. उलट सुगडात (हा शब्द ‘सुघट’ यावरून आला आहे) भरावयाचे ते हरभऱ्याचे घाटे, गव्हाच्या ओंब्या, उसाचे करवे, गाजर, बोरे. यांतील घाटे व ओंब्या तर अजून न पिकलेल्या धान्याच्या. एका हाती साठवण, दुसऱ्या हाती आशा. या दोहोंमधला हा दिवस आहे. ‘संक्रमण’ हा शब्द सूर्याइतकाच कणगीलाही लागू पडतो. गोडवा आणि धास्ती हे ‘संक्रांत’ या शब्दाचे दोन अर्थ परस्परविरोधी भासतात. उभ्या पिकाच्या बांधावरून पाहिले असता ते एकाच अनुभवाचे दोन भाग ठरतात.

नगर जिल्ह्यापुरते तरी संक्रांतीला सुगीचा सण म्हणण्याऐवजी दाणा भरण्याचा सण म्हणणे अधिक नेमके होईल. कांदा, ऊस व सोयाबीन यांनी आज अनेक गावांत ज्वारीची जागा घेतली आहे आणि सुगडातील जिन्नस बाजारातून विकत येऊ लागले आहेत. घाटा, ओंबी, हुरडा या शब्दांचा शेताशी असलेला संबंध त्यामुळे सैल होत आहे. सणांची नोंद करणाऱ्या अभ्यासकाने तिथीबरोबरच त्या दिवशी शेतात कोणते पीक कोणत्या अवस्थेत उभे होते, हेही टिपून ठेवले पाहिजे; अन्यथा आचार उरेल आणि त्याचा अर्थ सांगणारे पीक मात्र दिसेनासे होईल.