शिकरण खावे की खाऊ नये? दूध आणि फळांविषयी आयुर्वेद नेमके काय सांगतो

बुकित पंजांगच्या हॉकर सेंटरमध्ये फळांच्या रसाच्या टपरीवर आंबा, पपई, ॲव्होकॅडो दुधात घुसळून सर्रास विकले जातात. जवळच्याच इमारतीत एखाद्या मराठी घरी पोळीबरोबर शिकरण असते आणि सत्यनारायणाच्या प्रसादात दूध व केळे असतेच. त्याच घरातील आजीच्या मोबाईलवर मात्र ‘दूध आणि फळ एकत्र म्हणजे विष’ असा संदेश येऊन पडतो. मग नातवंडाच्या वाटीतले शिकरण काढून घ्यावे का, असा प्रश्न उभा राहतो.

या समजुतीचे मूळ आयुर्वेदातील ‘विरुद्ध आहार’ या संकल्पनेत आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील २६ व्या अध्यायात तिचे सविस्तर विवेचन आढळते. स्वतंत्रपणे हितकर असलेले दोन पदार्थ एकत्र आल्यावर अहितकर ठरू शकतात, हा तिचा गाभा. दुधाबरोबर वर्ज्य सांगितलेल्या फळांत आंबा, बोर, जांभूळ, कवठ, फणस, डाळिंब, आवळा आणि ‘मोच’ म्हणजे केळे यांची नावे येतात. शिवाय सर्वच आंबट पदार्थ दुधाला विरुद्ध मानले आहेत. अष्टांगहृदयात केळे ताक किंवा दह्याबरोबर खाऊ नये, असेही म्हटले आहे. दुधाबरोबर मासे खाण्याचा निषेध तर प्रसिद्धच आहे. आणि सिंगापुरात माशाच्या सूपमध्ये आटवलेले दूध घालण्याची पद्धत रूढ आहे!

नियमाला अपवादही आहेत

यादी वाचून थांबणारा वाचक त्याच अध्यायातील पुढचा भाग विसरतो. चरकाने विरोधाचे प्रकार सांगताना देश, काळ, अग्नी, मात्रा, सात्म्य, संस्कार, संयोग अशा अनेक बाजूंचा विचार केला आहे. ज्याचा जठराग्नी प्रखर आहे, जो तरुण व बलवान आहे, जो व्यायाम करतो, ज्याला तो पदार्थ सवयीचा झाला आहे किंवा जो तो अल्प प्रमाणात खातो, त्याला विरुद्ध आहार बाधत नाही, असे ग्रंथच सांगतो.

सोळाव्या शतकातील भावप्रकाशात तर दूध घातलेल्या पिकलेल्या आंब्याची ‘दुग्धाम्र’ म्हणून स्तुती आहे: तो रुचकर, बलवर्धक, वात-पित्तशामक, मात्र पचायला जड. चरकाच्या यादीतील आंबा कच्चा, आंबट असावा आणि गोड, पिकलेला आंबा त्यातून वगळावा, असा अर्थ अनेक वैद्य लावतात. एप्रिल-मेमध्ये लिटल इंडियातून हापूसची पेटी आणणाऱ्यांना हा भेद दिलासा देणारा आहे. श्रीखंडालाही ग्रंथांचा आधार सापडतो: दही साखर, तूप, मध, मुगाचे कढण किंवा आवळा यांच्याशिवाय खाऊ नये आणि रात्री टाळावे, असे चरक म्हणतो. आवळा दुधाला विरुद्ध, पण दह्याला चालतो. म्हणजे ‘दुग्धजन्य’ अशी सरसकट वर्गवारी तेथे नाही.

पोटात काय घडते?

दूध लिंबाच्या रसाने फाटते हे खरे. पण जठरातील आम्ल बहुतेक फळांच्या रसापेक्षा कितीतरी तीव्र असते. त्यामुळे नुसते दूध प्यायले तरी ते पोटात गोठतेच, आणि ही पचनाचीच पायरी आहे. कच्ची पपई, अननस व किवी यांतील विकरे दुधातील प्रथिने तोडतात. म्हणून असे मिश्रण ठेवून दिल्यास कडवट होते. ताजे लगेच पिणे इष्ट. दूध आणि फळ एकत्र खाल्ल्याने निरोगी माणसाला अपाय होतो, याला आधुनिक पोषणशास्त्रात भक्कम पुरावा नाही.

मग काहींचे पोट मिल्कशेकनंतर फुगते कशाने? पुष्कळदा दोष संयोगाचा नसून दुधातील शर्करेचा, म्हणजे लॅक्टोजचा असतो. ती पचवणारे लॅक्टेज हे विकर बालपणानंतर अनेकांच्या शरीरात घटते. पूर्व आशियात हे प्रमाण मोठे आहे आणि भारतीयांतही ते कमी नाही. अशा व्यक्तीला फळाविना दूधही त्रास देते. दही मात्र बहुधा सोसते, कारण विरजणातील जिवाणू काही लॅक्टोज आधीच संपवतात. काही दिवस दूध वेगळे, फळ वेगळे घेऊन पाहिल्यास फरक घरीच उमगतो.

येथेच खरा धोका आहे. नियमाच्या भीतीने मुलाचे दूध व फळ दोन्ही तोडले, तर कॅल्शियम आणि प्रथिनांची उणीव पडू शकते. उलट, दीर्घकाळ चाललेली पोटदुखी ‘विरुद्ध आहारा’च्या नावावर खपवली, तर खरा आजार दडून राहतो. वारंवार जुलाब, शौचातून रक्त, वजन घटणे किंवा मुलाची वाढ खुंटणे अशी लक्षणे दिसल्यास पॉलिक्लिनिकमध्ये तपासणी करून घ्यावी. दूध सोसत नसेल, तर कॅल्शियमयुक्त सोयादूध येथे सहज मिळते.

शिकरणापुरते सांगायचे, तर केळे पुरते पिकलेले असावे, दूध ताजे असावे, वाटी लहान असावी आणि खोकला-कफ असताना किंवा पोट जड असताना ती टाळावी. ज्यांना आजवर ते पचले आहे, त्यांनी केवळ एका संदेशापायी ताटातून वाटी उचलण्याचे कारण नाही.