गाईचा कासदाह

जामसांवलीच्या मारुतीच्या दर्शनास येणारा यात्रेकरू सौंसर-पांढुर्ण्याच्या संत्राबागा पाहून जातो. परंतु येथील अनेक घरांचा आधार गोठ्यात उभा असतो. वर्धा, नागपूर व छिंदवाडा या पट्ट्याची मूळ गाय म्हणजे गवळाऊ. पोळ्याला आपण बैल सजवितो; पण त्या बैलांच्या आईच्या कासेकडे किती जण नीट पाहतात?

कासेचे चार भाग असतात व प्रत्येकास एक सड. हे भाग आतून परस्परांपासून अलग असतात. त्यांतील सूक्ष्म पिशव्यांच्या पेशी रक्तातील द्रव्यांपासून दूध घडवितात. एक लिटर दुधासाठी सुमारे ४०० ते ५०० लिटर रक्त कासेतून वाहावे लागते.

सडाच्या छिद्रातून जंतू आत शिरले म्हणजे या पेशींवरच घाला पडतो. शरीर पांढऱ्या रक्तपेशी पाठवून जंतूंशी लढते; पण या झुंजीत दूध घडविणाऱ्या पेशीही मरतात. त्यांच्या जागी निबर तंतू वाढले, की तो भाग पूर्वीइतके दूध देत नाही. कास दगडासारखी कठीण होते, म्हणून शेतकरी या रोगास 'दगडी' म्हणतात. दुधातील साखर घटते, क्षार वाढतात व दूध खारट लागते.

तथापि, सूज दिसणाऱ्या रोगापेक्षा छुपा रोगच अधिक आढळतो. गाय चरते, दूध पांढरेच दिसते; मात्र ते रोज थोडे घटते आणि घरधनी चाऱ्याला दोष देतो. हा चोर पकडण्यासाठी शाल्म व नूरलँडर यांनी १९५७ साली कॅलिफोर्नियात एक सोपी चाचणी सांगितली. त्याच तत्त्वावर प्रत्येक सडाचे दूध धुण्याच्या पावडरीच्या पाण्यात समभाग मिसळावे. ते चिकट व दाट झाले, तर त्या सडात रोगाची शंका घ्यावी.

उपचार पशुवैद्याकडूनच करवावा. औषध चालू असताना व नंतर तो सांगेल तितके दिवस ते दूध पिऊ अथवा विकू नये. दोहण्यापूर्वी हात व सड धुऊन कोरडे करावेत. अंगठा न दुमडता पूर्ण मुठीने दोहावे. आजारी गाय शेवटी दोहावी. दोहल्यावर सुमारे अर्धा तास सडाचे छिद्र उघडे राहते. म्हणून तेव्हा चारा घालून गाईस उभे ठेवावे.

विद्यार्थिमित्रहो, ज्या घरी एक-दोनच गाई, तेथे एक सड आटला म्हणजे लेकराच्या वाटीतले दूध वा वहीपुस्तकांचे पैसे आटतात. यासाठी घरच्या गाईची कास रोज पाहण्याचे काम तुम्ही अंगावर घ्यावे, एवढेच आमचे सांगणे.