मिरगाआधीची सुई

३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यात चौदा वर्षांची एक शाळकरी मुलगी स्वाइन फ्लूने गेली. देशातला तो या रोगाचा पहिला बळी. पुण्यातल्या शाळा-कॉलेजांना सुट्ट्या लागल्या आणि तिथे शिकायला गेलेली मराठवाड्यातली पोरं ट्रॅव्हल्सच्या गाड्यांनी गावाकडे परतू लागली. नांदेडच्या वजिराबादपासून लातूरच्या गंजगोलाईपर्यंत मेडिकलवाल्यांकडे एकच मागणी, मास्क. कापूर आणि वेलची रुमालात बांधून हुंगायचा उपाय मोबाइलच्या मेसेजमधून घराघरांत पोचला. पुण्याहून आलेल्या पोराला शेजारपाजारचे दारातूनच विचारायचे, "ताप-बिप नाही ना रे?" त्या दिवसांत लस कोणी मागितली असती तर ती मिळालीच नसती, या नव्या विषाणूवरची लस बाजारात यायला अजून जवळपास वर्ष होतं.

तेव्हापासून आजपर्यंतचा काळ मागे वळून पाहताना एक गोष्ट मला सतत टोचते. नांदेड आणि लातूर या आपल्या दोन्ही जिल्ह्यांत फ्लूच्या लशीची चौकशी होते ती माणसं दगावल्याच्या बातम्या येऊ लागल्यावर. तिचा खरा उपयोग ज्या महिन्यात घेतल्याने होतो, त्या महिन्यात तिचं नावही कोणी काढत नाही.

२०१० च्या मध्याला देशी लस आली. आधी झायडस कॅडिलाची टोचायची, मग जुलैत पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची नाकात फवारायची, साधारण दीडशे रुपयांची. सुई नको म्हणणाऱ्यांना नाकातली सोयीची वाटली. पण तिच्यात जिवंत, दुबळा केलेला विषाणू होता, म्हणून गरोदर बाईला ती देता येत नव्हती, आणि या तापाचा सर्वाधिक धोका असणाऱ्यांत गरोदर बाई अगदी वर होती. १० ऑगस्ट २०१० ला जागतिक आरोग्य संघटनेने महासाथ संपल्याचं जाहीर केलं. भीती ओसरली, लसही विसरली गेली. विषाणू मात्र कुठे गेला नाही. एच१एन१ चा तो नवा अवतार नेहमीच्या मोसमी फ्लूंपैकीच एक होऊन बसला आणि तेव्हापासून दरवर्षीच्या फ्लूच्या लशीत तो असतोच. आजही दवाखान्यात येऊन "फ्लूची नको, स्वाइन फ्लूची द्या" म्हणणारी माणसं भेटतात. त्यांना हे सांगायला हवं की दोन्ही एकच आहेत.

या भागाला फ्लूची ओळख त्याआधी नव्हती असं नाही. १९१८ ची मानमोडीची साथ मुंबईच्या बंदरातून शिरली आणि देशभर पसरली. आपण तेव्हा निजामाच्या राज्यात होतो. त्याच साली पाऊसही दगा देऊन गेला. १९११ ते १९२१ या दहा वर्षांत हैदराबाद संस्थानाची लोकसंख्या वाढायच्या ऐवजी सुमारे नऊ लाखांनी घटली. त्यात दुष्काळ आणि प्लेगचा वाटा होता, पण मानमोडीचा वाटा फार मोठा. ज्या मुलखाच्या पणज्या-खापरपणज्यांनी हे पाहिलं, तिथे फ्लूला "पडसंच तं हाय" म्हणून सोडून देण्याची सवय कशी रुजली, याचं मला वाईट वाटतं.

२०१५ ने ही सवय थोडी हलवली. त्या वर्षी महाराष्ट्रात स्वाइन फ्लूचे साडेआठ हजारांवर रुग्ण सापडले आणि ९०५ माणसं मेली. हे तपासणी होऊन नोंदलेले आकडे. न तपासलेला न्यूमोनिया यात नाही. आपल्याकडच्या रुग्णाचा प्रवास तेव्हा ठरलेला असायचा: गावातल्या डॉक्टरकडे दोन दिवस, तालुक्याला दोन दिवस, मग दम लागल्यावर नांदेड किंवा लातूर, आणि तिथून व्हेंटिलेटरसाठी हैदराबाद, सोलापूर किंवा औरंगाबाद. टॅमीफ्लूची गोळी पहिल्या दोन दिवसांत सुरू झाली तर सर्वांत चांगली लागू पडते. ते दोन दिवस आपल्याकडे सलाइन लावून घेण्यात जायचे. म्हणूनच मला वाटतं की मोठं रुग्णालय हाकेच्या अंतरावर असलेल्या शहरी माणसापेक्षा देगलूर, किनवट किंवा औसा-निलंग्याच्या खेड्यातल्या माणसाला लशीची गरज जास्त आहे.

त्याच वर्षी राज्य सरकारने गरोदर स्त्रिया, मधुमेह आणि रक्तदाबाचे रुग्ण आणि आरोग्य कर्मचारी यांना ही लस मोफत द्यायचं ठरवलं. निर्णय चांगला होता. पण राज्याच्या लोकसंख्येच्या मानाने डोस फारच थोडे, आणि भर मोठ्या शहरांवर. खेड्यातली बाई या योजनेचं नाव न ऐकताच बाळंत होऊन गेली.

मग २०१७ आलं. सहा हजारांवर रुग्ण, ७७८ मृत्यू. ऊन तापलं की विषाणू मरतो या समजाला त्या वर्षी तडा गेला. राज्यात ऐन उन्हाळ्यातही रुग्ण सापडत राहिले. "मी तर मागं एकदा घेतली होती" म्हणणाऱ्यांनाही त्या वर्षी समजावून सांगावं लागलं. २००९ पासून लशीत एच१एन१ चा जो वाण वापरला जायचा, त्याला कॅलिफोर्नियाचं नाव होतं. २०१७ मध्ये तो बदलून मिशिगनचा आला, कारण विषाणूच बदलला होता. शिवाय लशीने आलेली ताकद काही महिन्यांत उतरत जाते. म्हणून ही लस दरवर्षी घ्यावी लागते. एकदा घेऊन भागत नाही.

आता वेळेची गोष्ट. थंडीच्या देशांत फ्लू हिवाळ्यात येतो म्हणून तिकडे लस ऑक्टोबरात टोचतात, आणि आपणही तेच वाचून हिवाळ्याची वाट पाहत बसतो. काश्मीरला ते लागू पडतं. आपल्याकडे फ्लूचा मोठा भर पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर. दुसरा, लहान, जानेवारी ते मार्च. लस घेतल्यावर अंगात ताकद यायला साधारण दोन आठवडे लागतात. म्हणजे मे महिना, फार तर मिरग निघायच्या आत. सोयाबीनला बीजप्रक्रिया पेरणीआधी करतात, पीक पिवळं पडल्यावर नाही, हे लातूरच्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. आणि बीजप्रक्रिया केली म्हणून प्रत्येक रोप वाचतंच असंही तो धरून चालत नाही, तरी दरवर्षी करतो. मेडिकलवर लस मागताना एक करावं: खोका हातात घेऊन त्यावर कोणत्या मोसमाची लस आहे ते वाचावं. दक्षिण गोलार्धाची चालू वर्षाची लस उन्हाळ्यात येते, उत्तर गोलार्धाची ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास. मेमध्ये गेल्या हंगामाचा उरलेला खोका कोणी पुढे केला तर नवा मागवून घ्यावा.

२०२० मध्ये फ्लू जवळजवळ नाहीसाच झाला. राज्यात त्या वर्षी एच१एन१ चे जेमतेम सव्वाशे रुग्ण नोंदले गेले. मास्क, बंद शाळा आणि घरी बसलेली माणसं यांनी फ्लूची वाटच अडवली होती. मार्च २०२१ मध्ये देशातल्या सर्वाधिक सक्रिय कोरोना रुग्णांच्या दहा जिल्ह्यांत नांदेड होतं, तेव्हा फ्लूचा विचार करायला कोणाला उसंत होती? पण त्या दोन वर्षांनी दोन उलट गोष्टी मागे ठेवल्या. मोठ्या माणसानेही लस घ्यायची असते हे खेड्यापाड्यांत पोचलं, आणि नमुने तपासायची सोय आपल्याच जिल्ह्यात झाली. दुसरीकडे, "लई झाल्या आता लशी" हा वैतागही आला आणि त्यासोबत तरुणांच्या अचानक मृत्यूंबद्दलच्या अफवा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या अभ्यासात कोरोना लशीचा आणि अशा मृत्यूंचा संबंध आढळला नाही. पण अफवेचे पाय मजबूत असतात, आणि तिचा फटका फ्लूच्या लशीला बसला, जिचा त्या वादाशी काहीच संबंध नव्हता. २०२२ मध्ये फ्लू परतला आणि राज्यात दोनशेवर माणसं दगावली. मार्च २०२३ मध्ये फ्लूच्याच एच३एन२ या प्रकाराच्या बातम्या आल्या तेव्हा पुन्हा मेडिकलवर चौकशी, पुन्हा दोन आठवड्यांत शांतता.

२०२५ चा जानेवारी तर आपल्यासाठी गोंधळाचाच ठरला. उदगिरात कावळे मरून पडू लागले आणि तपासणीत बर्ड फ्लू निघाला. त्याच महिन्यात पुण्यात जीबीएसची, म्हणजे नसांवर घाला घालून हातपाय लुळे करणाऱ्या आजाराची, साथ आली आणि बातम्यांत वारंवार "नांदेड" वाचून इकडे काळजाचा ठोका चुकला. ते नांदेड गाव सिंहगड रस्त्याकडचं होतं, आणि त्या साथीचा संशय दूषित पाण्यावर होता. तरी या दोन्हींतून फ्लूच्या लशीबद्दल दोन प्रश्न निघाले, आणि ते रास्त होते. पहिला: ही लस बर्ड फ्लूपासून वाचवते का? नाही. तरीही कोंबड्यांच्या शेडमध्ये काम करणाऱ्यांनी ती घ्यावी असं तज्ज्ञ सांगतात, कारण माणसाचा फ्लू आणि पक्ष्यांचा फ्लू एकाच शरीरात एका वेळी शिरले तर दोघांची सरमिसळ होऊन नवाच विषाणू निपजू शकतो. २०२१ मध्ये अहमदपूर तालुक्यात केंद्रेवाडीच्या कोंबड्या याच रोगाने गेल्या होत्या, त्यामुळे आपल्या भागात हा दूरचा विचार नाही. दुसरा प्रश्न: लशीने जीबीएस होतो का? १९७६ मध्ये अमेरिकेत दिलेल्या एका लशीने साधारण लाखात एकाला झाला होता. आजच्या लशींत हा जादा धोका असलाच तर दहा लाखांत एक-दोन, आणि प्रत्यक्ष फ्लू झाल्यावर येणारा जीबीएसचा धोका त्याहून जास्त.

मग घ्यायची की नाही? लशीचा आणि साथीचा विषाणू जुळला त्या वर्षी डॉक्टरकडे जाण्याइतका फ्लू होण्याची शक्यता ती ४० ते ६० टक्क्यांनी कमी करते. म्हाताऱ्यांत गुण थोडा कमी येतो, पण दवाखान्यात भरती व्हायची पाळी टळण्याला त्यांच्याच बाबतीत मोल जास्त. टोचायच्या लशीत जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे तिने फ्लू होत नाही. दंड दुखतो, एखादा दिवस कणकण वाटते. आमच्या घरात हे ठरून गेलं आहे: आईला शुगर आहे, तिला दर मे महिन्यात, सहा महिन्यांच्या पुढचं आणि पाच वर्षांच्या आतलं लेकरू असेल त्याला, आणि त्याची पहिलीच वेळ असेल तर चार आठवड्यांच्या अंतराने दोनदा. बालरोगतज्ज्ञांची संघटनाही या वयाला ती दरवर्षी द्यायला सांगते. अकरावीसाठी लातूरला निघालेल्या भाचरांनाही मी घ्यायला लावते. एका खोलीत तिघे-चौघे, एका मेसमध्ये जेवण, ट्यूशनच्या हॉलमध्ये खांद्याला खांदा, आणि बॅचा सुरू होतात नेमक्या पावसाळ्याच्या तोंडावर. धडधाकट तिशीतल्या माणसाने नाही घेतली तर मी त्याच्याशी भांडणार नाही. घरात म्हातारं माणूस किंवा तान्हं बाळ असेल तर मात्र भांडेन.

पण एका डोसला दीड-दोन हजार रुपये पडतात. सरकारच्या नेहमीच्या लसीकरणात ही लस नाही. आपल्याकडे ती बिनपैशाने नक्की मिळते असा एक गट म्हणजे हजला निघालेले वयस्कर यात्रेकरू. मेंदूज्वराच्या लशीसोबत त्यांना हीही टोचतात, आणि त्यासाठी जिल्ह्यात शिबिरं भरतात. म्हणजे साठवण, वाहतूक, टोचणारे हात, सगळं इथे आहे. रोजंदारीवरची गरोदर बाई दोन हजार कुठून आणणार? ती दर महिन्याच्या नऊ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात तपासणीला येतेच, धनुर्वाताची सुई घेतेच. केंद्र सरकारच्याच मार्गदर्शक सूचनांत फ्लूच्या लशीसाठी गरोदर स्त्रिया प्राधान्याच्या यादीत आहेत. आईला दिलेली लस बाळालाही पहिले सहा महिने राखते, ज्या वयात बाळाला स्वतःला ती टोचताच येत नाही. नांदेड आणि लातूरच्या जिल्हा परिषदांनी मे आणि जूनच्या नऊ तारखेला प्राथमिक आरोग्य केंद्रांत हा डोस ठेवावा, एवढीच मागणी आहे. पुढच्या वर्षीचं अंदाजपत्रक मार्चमध्ये मांडलं जातं. मागणी त्याआधी पोचायला हवी.