'हो' म्हणजे हो का?

वर्धा जिल्ह्यातल्या एखाद्या गावात दुपारी कुणाकडे गेलो की चहाचा आग्रह होतो. आपण म्हणतो, "नको, आताच झाला." यजमान ऐकून घेतात आणि आत चहा ठेवायला सांगतात. कुणीच कुणाला खोटे पाडत नाही. निघताना आपण "येतो" म्हणतो. प्रत्यक्षात जात असतो. दुकानदार रात्री दुकान 'वाढवतो' तेव्हा ते बंद होते, आणि बांगडी 'वाढली' म्हणजे ती फुटलेली असते. शब्द एक सांगतात, बोलणारा दुसरेच, आणि ऐकणाऱ्याला ते बिनचूक कळते. हे कसे घडते?

'येतो' आणि 'वाढवणे' यांचे उत्तर सोपे आहे. जाणे, बंद होणे, फुटणे हे शब्द अशुभ मानले गेले, त्यांच्या जागी दुसरे आले आणि रूढ झाले. परभाषिकाला ते अर्थ सरळ पाठ करता येतात. चहाचे तसे नाही. 'आताच झाला' याचा 'अजून एकदा विचारा' असा अर्थ कोणत्याही शब्दकोशात सापडणार नाही. तेच वाक्य त्याच माणसाने दवाखान्यात, उपाशीपोटी रक्त द्यायच्या वेळी उच्चारले, तर ते अक्षरशः खरे मानावे लागते.

मराठीच्या शिक्षकांना इथे व्यंजना आठवेल. 'सूर्य मावळला' या एका वाक्यातून गुराख्याला 'गुरे परत न्या' आणि पुजाऱ्याला 'सांजवातीची वेळ झाली' असे वेगवेगळे अर्थ मिळतात, हे आपले साहित्यशास्त्र शेकडो वर्षे सांगत आले. पण ऐकणारा त्या अर्थापर्यंत पोचतो कोणत्या वाटेने? पॉल ग्राइस या ब्रिटिश तत्त्वज्ञाने 1967 साली हार्वर्ड विद्यापीठातल्या व्याख्यानांत याचे एक उत्तर मांडले. ते 1975 मध्ये छापून आले. संभाषण हा सहकार्याचा व्यवहार आहे, असे तो म्हणतो. समोरचा पुरेसे, खरे, विषयाला धरून आणि स्पष्ट बोलतो आहे, असे आपण गृहीत धरतो. शब्द या अपेक्षेत बसले नाहीत, तर ते बसतील असा अर्थ आपण शोधतो.

प्रगतिपुस्तकात 'अक्षर चांगले आहे, हजेरी नियमित आहे' एवढाच शेरा असला की पालकांचा चेहरा उतरतो. शेऱ्यात वाईट काहीच नाही. मात्र अभ्यासाविषयी सांगण्यासारखे असते तर गुरुजींनी ते लिहिलेच असते, हा तर्क पालक क्षणात करतात. असा अर्थ मागेही घेता येतो. 'आणि अभ्यासातही हुशार आहे' एवढे जोडले की तो नाहीसा होतो. शब्दाच्या मूळ अर्थाचे असे करता येत नाही.

मुलेही हेच करतात, आणि आपल्या परीक्षा तिथे फसू शकतात. मॅकगॅरिगल आणि मार्गारेट डोनाल्डसन यांनी 1974 मध्ये चार ते सहा वर्षांच्या 80 मुलांवर पियाजेचा प्रयोग थोडा बदलून केला. सारख्या दोन रांगा दाखवून प्रश्न विचारायचा, एक रांग विसकटायची आणि पुन्हा तोच प्रश्न विचारायचा. मोठ्या माणसाने मुद्दाम विसकटली तेव्हा 13 मुलांचे उत्तर बरोबर आले. खोडकर खेळण्यातल्या अस्वलाने 'चुकून' विसकटली तेव्हा 50 मुलांचे! डोनाल्डसन यांनी लावलेला अर्थ असा: मोठा माणूस काहीतरी मुद्दाम करून तोच प्रश्न पुन्हा विचारतो, म्हणजे त्याला वेगळे उत्तर हवे आहे, असे मूल समजते. फळ्याजवळून "समजलं का?" विचारल्यावर येणारे सामुदायिक 'हो' आम्हाला याच जातीचे वाटते. मुलांच्या लेखी तो प्रश्न नसून 'पुढे जाऊ का?' अशी विचारणा असते.

मात्र मूळ शब्दच वेगळा कळला तर पुढचा सगळा तर्क वाया जातो. बाहेरून बदलून आलेल्या शिक्षकाला वर्ध्याचे मूल सांगते, "सर, गणित करून राहिलो." त्याला म्हणायचे असते, गणित करतो आहे, शिक्षकाच्या कानाला मात्र ते 'करायचे राहिले' असे वाटू शकते. 'तुम्ही काहून आले?' हा साधा 'का'देखील नवख्याला उद्धट वाटतो.

उलटही होते. 'काही जिराफांच्या माना लांब असतात' हे विधान नोव्हेक यांच्या 2001 सालच्या अभ्यासात आठ वर्षांच्या 89 टक्के मुलांनी मान्य केले. प्रौढांपैकी 41 टक्क्यांनीच. तर्कशास्त्रात 'काही'मध्ये 'सगळे' येऊ शकतात. प्रौढ 'काही' ऐकून 'सगळ्या नाहीत' असे जोडून घेतात. आता 'काही सस्तन प्राण्यांच्या अंगावर केस असतात: चूक की बरोबर?' हा प्रश्न सातवीच्या वर्गाला घालून पाहा. दोन्ही उत्तरे येतील. गुण देण्याआधी प्रत्येकाला कारण विचारा आणि ते उत्तराशेजारी लिहून घ्या.