भंडारदऱ्याची छत्री कधी उघडते? : सहलीआधी वाचावं असं काही



सहलीचं ठिकाण ठरवताना आपल्याकडे भंडारदऱ्याचं नाव हमखास निघतं. अहिल्यानगर जिल्ह्याच्या वायव्य टोकाला, अकोले तालुक्यातलं हे छोटंसं गाव. एका बाजूला धरणाचा जलाशय, मागे कळसूबाईची रांग, भोवती अभयारण्य आणि पावसाळ्यात जिकडे बघाल तिकडे धबधबे. मी दोनदा गेले, एकदा चौथीची मुलं घेऊन आणि एकदा घरच्यांसोबत. दोन्ही वेळा मला उत्तर देता आलं नाही असा एकेक प्रश्न मुलांनी विचारला. आजचा लेख त्या दोन प्रश्नांवर आहे.

पहिली सहल डिसेंबरातली. ‘अंब्रेला फॉल’चे फोटो मी मुलांना आठवडाभर आधीपासून दाखवले होते. धरणाच्या भिंतीतल्या मोरीतून सुटलेलं पाणी एका गोलसर खडकावरून चहूबाजूंनी पसरत पडतं आणि हुबेहूब छत्री दिसते. आम्ही पोचलो तर नुसता कोरडा, काळा खडक! एक मुलगा म्हणाला, “मॅडम, छत्री मिटलीय. कोण उघडतं ती?” मी आपलं “पावसाळ्यात येते” असं सांगून वेळ मारून नेली. ते उत्तर अर्धवट होतं हे मला घरी येऊन वाचल्यावर कळलं.

हा धबधबा पावसाने नाही, माणसाने मोरी उघडल्यावर सुरू होतो. प्रवरा नदी रतनगडाजवळ उगम पावते. तिच्यावर इंग्रजांच्या काळात १९१० च्या सुमारास धरणाचं काम सुरू झालं आणि १९२६ साली ते पूर्ण झालं. सुमारे ८२ मीटर उंचीची ही दगडी भिंत म्हणजे विल्सन डॅम आणि मागचा जलाशय म्हणजे आर्थर लेक. एवढी भिंत बांधली ती खालच्या दुष्काळी भागासाठी. घाटघर-रतनवाडीकडे चांगल्या वर्षी पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि त्याच नदीकाठच्या संगमनेरला जेमतेम चार-पाचशे. मग वरचं पाणी साठवायचं, गरजेप्रमाणे नदीत सोडायचं आणि ओझरच्या बंधाऱ्यावरून डाव्या-उजव्या कालव्यात वळवायचं. शेतकरी ज्याला ‘आवर्तन’ म्हणतात ते हेच. दहा-अकरा किलोमीटर खालच्या रंधा धबधब्याचंही तसंच. साधारण १७० फुटांवरून प्रवरा तिथे कोसळते. पावसाळ्यात रौद्र, पण एरवी वरून पाणी सुटलं तरच जोरात.

आमची शाळा कालव्याच्या पट्ट्यातली. मुलांच्या घरचा ऊस, नळाचं पाणी, सगळं त्या मिटलेल्या छत्रीतून येतं! परिसर अभ्यासात ‘पाणी’ हा पाठ मी कितीतरी वेळा शिकवला, पण हे कधी जोडलं नव्हतं. (डी.एड.ला सहलीचं टाचण दहा मार्कांसाठी लिहिलं होतं, तेवढंच.)

दुसरी खेप मे महिन्याच्या शेवटी, काजव्यांसाठी. हिरडा, बेहडा, सादडा, आंबा अशी झाडंच्या झाडं एका लयीत लुकलुकतात. मुलांना जरूर दाखवा, पण नीट दाखवा. काजव्याचा उजेड म्हणजे नर-मादीने एकमेकांना शोधण्याची खूण. आपण गाडीचे दिवे चालू ठेवले किंवा मोबाईलचा फ्लॅश मारला की ती खूण हरवते. शिवाय अंडी जमिनीत असतात, माद्याही बऱ्याचदा गवतात खालीच, म्हणून झाडाखाली घोळक्याने तुडवायचं नाही. आम्ही गेलो त्या रात्री एक गाडी गाणी लावून अगदी झाडाच्या बुंध्याशी उभी होती. काय बोलणार? कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ पासून आहे आणि या जंगलात बिबट्याही आहे, त्यामुळे अंधार पडल्यावर मुलांना एकटं फिरू देऊ नका.

आम्ही जलाशयाकाठी तंबूत राहिलो. सरकारी पर्यटन निवासही धरणाजवळच आहे, वयस्कर माणसं सोबत असतील तर ते बरं. तंबू बहुतेक स्थानिक तरुणांचे असतात. जेवणात पिठलं, भाकरी, इथला भात. शक्यतो गावातल्या माणसाकडेच राहा, म्हणजे चार पैसे गावात राहतात आणि मुलांना बोलायला माणसं मिळतात.

सकाळी उतारावरून दोन-तीन बायका हंडे घेऊन एका झऱ्याकडे चालल्या होत्या. खाली एवढा जलाशय चमकतोय आणि वर रिकामे हंडे. माझी लेक म्हणाली, “आई, त्यांचंच पाणी ना ते? मग त्यांना का नाही?”

याचं उत्तर थोडं भूगोलात आहे, थोडं भूगोलाबाहेर. इथला खडक काळा, कठीण, माती पातळ, उतार तीव्र. पाऊस पडतो आणि वाहून जातो, मुरत कमी. मार्चनंतर झरे आटतात. वाड्या वर, जलाशय खाली. पाणी चढवायचं तर पंप, पाइप, वीज आणि बिल भरणारं कुणीतरी लागतं. आणि साठलेलं पाणी कुणाचं हे आधीच ठरलेलं असतं, त्यात लाभक्षेत्र खालचं. महादेव कोळी, ठाकर समाजाच्या या वाड्यांच्या अंगणात धरण आहे, पण वाटपाच्या कागदावर त्या फार उशिरा आल्या. माझं मत विचाराल तर हा भाग मुलांपासून लपवू नये. लेकीला मी एवढंच म्हटलं, “आपल्या नळाला येतं ते इथूनच.” ती बराच वेळ गप्प होती.

आता सहल नेणाऱ्यांसाठी दोन-चार गोष्टी. जुलै-ऑगस्टमध्ये लहान मुलांचा वर्ग नेऊ नका. शेवाळलेले खडक आणि अचानक वाढणारं पाणी, दोन्ही वाईट. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर उत्तम, हिरवळ असते आणि पाऊस कमी झालेला असतो. रंध्याला कठड्याच्या आतच थांबायचं, हे गाडीतून उतरण्याआधी सांगा, उतरल्यावर कुणी ऐकत नाही! जलाशयात मुलांना उतरू देऊ नका, काठ एकदम खोल होतो. नावेने रतनवाडीकडे जाणार असाल तर प्रत्येकाला लाइफ जॅकेट मिळतंय का ते आधी मोजा. रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर चुकवू नका, कोरीवकाम बघत मुलं अर्धा तास सहज रमतात.

आणि निघण्याआधी गावात फोन करून विचारा, “आवर्तन सुरू आहे का?” नसेल तरी जा. कोरड्या खडकासमोर मुलांना उभं करा आणि छत्री कोण उघडतं, हे त्यांनाच शोधू द्या. आमच्या वर्गात आता प्रवरेचा हाताने काढलेला नकाशा लावलाय, रतनगडापासून शाळेच्या नळापर्यंत. त्यावर त्या वाड्यांसाठी मुलांनी स्वतःहून एक रिकामा हंडा काढलाय.