कायद्यानं जगवलेली बंदूक

१९५९ च्या शस्त्र अधिनियमातलं तेरावं कलम परवान्यांचं आहे. पिकाची राखण करणाऱ्या शेतकऱ्याला कोणतं हत्यार द्यायचं, हे त्यात नाव घेऊन सांगितलंय: तोंडाकडून दारू भरायची बंदूक. म्हणजे आपली ठासणीची. हा कायदा झाला तेव्हा जगातल्या बड्या सैन्यांनी असली बंदूक टाकून नव्वदेक वर्षं झाली होती. दिल्लीत बसून कायदा लिहिणाऱ्यांना हे ठाऊक नव्हतं असं कोण म्हणेल? ठाऊक होतं, म्हणूनच त्यांनी ती निवडली. एक बार काढला की दुसरा भरायला अर्धं मिनिट, हात बसलेला नसेल तर मिनिटभरही लागतं. डुकराला हुसकवायला तेवढी पुरते आणि सरकारला तिची फारशी भीती नाही.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शाहूवाडी तालुक्यात या हुसकवण्याला काय मोल आहे ते मलकापूर सोडून आंब्याच्या वाटेला लागलं की कळतं. कडवी, कासारी, वारणा या नद्यांची खोरी, त्यात भाताची खाचरं, वरच्या उतारांवर नाचणी, पाणी पोचतं तिथं ऊस आणि शेताच्या बांधाला लागूनच जंगल. उत्तरेला चांदोलीचं राष्ट्रीय उद्यान, जे २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग झालं. दक्षिणेला विशाळगडाची रानं. रात्री डुकरांचा कळप उतरला तर सकाळी वावर नांगरल्यासारखं दिसतं. गवे भातात शिरले तर खाण्यापेक्षा तुडवण्यातच जास्त जातं. माळा बांधून, डबे बडवून, शेकोटी पेटवून राखण करणारी माणसं इथं पिढ्यान्‌पिढ्या आहेत आणि ज्याच्या घरी परवाना आहे त्याच्या माळ्यावर ही लांब नळीची बंदूक.

तिची रचना डोळ्यांसमोर आणायला कारखाना बघायला नको. लोखंडी नळी, मागचं टोक बंद. लाकडी दस्ता. नळीखाली खोचलेला गज. मापानं दारू नळीत ओतायची, त्यावर चिंधीचा किंवा काथ्याचा बोळा, तो गजानं ठासायचा. मग छर्रे, पुन्हा बोळा, पुन्हा ठासणी. नळीच्या मागच्या बाजूला कुशीत एक बारीक टोक असतं, त्यावर तांब्याची टोपी बसवायची. घोडा मागं ओढायचा, चाप दाबला की घोडा टोपीवर आदळतो, टोपीतली ठिणगी आत जाते. इथंच या बंदुकीचं सगळं दुखणं आहे. ठिणगीला बाजूनं आत शिरून वळण घेऊन दारूपर्यंत जावं लागतं. वाटेत काजळी असली, ओल असली, तर टोपी नुसती फुटते आणि बार बसतो. कधी तर क्षणभर काहीच होत नाही आणि माणूस नळी खाली करतो तेवढ्यात बार निघतो. जुनी माणसं टोपी फुटून बार निघाला नाही तर नळी बराच वेळ रानाकडं तोंड करून धरायला सांगतात, ते उगीच नव्हे.

ओल हा या तालुक्यातल्या बंदुकीचा जुना वैरी. काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक. दमट हवेत ती मवाळते. टोपी तर एकोणिसाव्या शतकातली. त्याआधीच्या तोड्याच्या बंदुकीला जळती जामगी लागायची आणि कान्यात उघड्यावर रंजक. पावनखिंड याच तालुक्यात येते. १३ जुलै १६६० ला पन्हाळ्याच्या वेढ्यातून निसटलेले शिवाजी महाराज विशाळगडाकडं निघाले आणि बाजीप्रभूंनी घोडखिंड रोखून धरली, ती आषाढातल्या पावसात. त्या झुंजीच्या वर्णनांत तलवारच का दिसते याचा विचार करताना मला शौर्याइतकीच त्या दिवसांतल्या हवेचीही आठवण होते. त्या धारेत जामगी पेटती ठेवणं आणि रंजक कोरडी राखणं कुणाच्याही हातचं काम नव्हतं. महाराज पोचल्याची खूण म्हणून गडावरून तोफा झाल्या अशी परंपरा सांगते. गडावर छपराखाली दारू कोरडी ठेवता येते, खिंडीत नाही.

पण ओल ही अर्धी गोष्ट. बंदुकीची गोळी नेमकी जाते की नाही हे ठरतं नळीच्या आतून. आतली बाजू गुळगुळीत असेल तर गोळी डुगडुगत जाते, पन्नास मीटरांपुढं तिचा भरवसा नाही. नळीत पीळ पाडलेला असेल तर गोळी स्वतःभोवती फिरत सरळ जाते. इंग्रजांनी १८५३ सालच्या एन्फील्डमध्ये हा पीळ हिंदुस्थानी शिपायाच्या हातात दिला. तीही ठासणीचीच होती, कागदी काडतूस दातानं फाडून दारू नळीत ओतायची. त्या काडतुसाच्या चरबीचं पुढं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. कोल्हापुरात २७ व्या मुंबई नेटिव्ह इन्फन्ट्रीनं ३१ जुलै १८५७ ला बंड केलं. बंड मोडल्यावर इंग्रजांनी जे केलं ते मात्र फारसं सांगितलं जात नाही. हिंदुस्थानी पलटणींसाठी १८५८ चा नवा नमुना निघाला. दिसायला तीच एन्फील्ड, पण नळी आतून कोरून पीळ घालवलेला. शिपायाजवळ बंदूक असावी, नेम मात्र नसावा. १८७८ च्या शस्त्र कायद्यानं पुढं सामान्य माणसाच्या हातातली बंदूकच परवान्यात बांधली. मलकापूरच्या परिसराला तर याची आधीच चुणूक मिळालेली. १८४४ च्या गडकऱ्यांच्या बंडानंतर विशाळगड पाडण्यात आला आणि तिथले जहागीरदार असलेले प्रतिनिधी मलकापुरात येऊन राहिले.

आता इथून थेट अमेरिकेत जायचं, कारण ठासणीच्या बंदुकीची दुसरी जिवंत शाखा तिथं आहे आणि तीही कायद्याच्याच पोटी जन्मलेली. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत हरणाच्या शिकारीचे ठरावीक दिवस असतात. नेहमीच्या रायफलवाल्यांसाठी एक मुदत, आणि ठासणीच्या बंदुकीवाल्यांसाठी वेगळी, बहुधा कमी गर्दीची. एकच गोळी, जुनं हत्यार, म्हणून ही सवलत. मग लोकांच्या डोक्यात आलं: हत्यार कायद्याच्या व्याख्येत ठासणीचं राहावं, पण काम आधुनिक रायफलीचं करावं. मिझुरी राज्यातल्या टोनी नाइट या बंदूक कारागिरानं १९८५ मध्ये एमके-८५ नावाची रायफल काढली. तिच्यात टोपी बाजूला नाही, दारूच्या थेट मागं. ठिणगीला वळण नाही, सरळ दारूत. हिलाच तिकडं इनलाइन म्हणतात. कल्पना अगदी नवी नव्हती, पण विकली नाइटनं. मग बाकीचे कारखानेही उतरले. टोपीच्या जागी छऱ्याच्या काडतुसाचं २०९ नंबरचं प्रायमर आलं, जे ठिणगी नव्हे, जाळच टाकतं. शाहूवाडीच्या माळ्यावरचं जुनं दुखणं अमेरिकेत असं नाहीसं झालं.

इनलाइन निवडणारा माणूस काय बघतो? नाव आणि दुर्बीण बघणारे फसतात. पहिली गोष्ट नळीतला पीळ. जुन्या ठासणीच्या रायफलींत पीळ मंद असायचा, ६६ इंचांत एक फेर, कारण त्या गोल गोळी उडवायच्या. इनलाइनमध्ये साधारणपणे २८ इंचांत एक फेर. लांबट गोळी स्थिर ठेवायला इतका वेग लागतो. हीच गोळी मंद पिळातून सोडली तर ती आडवी होऊन कागदावर लांबट भोक पाडते. उलट जलद पिळात गोल गोळीला भरपूर दारू दिली तर ती पिळावरून घसरते. काही जण ४८ इंचांचा मधला मार्ग घेतात आणि दोन्हीकडून थोडं थोडं गमावतात, असं माझं मत. व्यास बहुधा अर्ध्या इंचाचा, पॉइंट ५०. दुसरी गोष्ट, नळीची मागची बुची हातानं निघते का. काळी दारू जाळली की नळीत खारट राख उरते, ती त्याच दिवशी धुतली नाही तर लोखंड खाते. बुची निघाली तर नळी आरपार धुता येते. पावसाळी प्रदेशात राहणाऱ्यानं गंज न लागणाऱ्या पोलादासाठी जादा पैसे द्यावेत, यात मला तरी शंका नाही.

रायफल घेतल्यावर खरा खटाटोप सुरू होतो तो बार बसवण्याचा. कारखान्यात भरलेल्या काडतुसाला हे करावं लागत नाही. तिथं दुसऱ्यानं सगळं ठरवून दिलेलं असतं. ठासणीत प्रत्येक बार नव्यानं बनवायचा. दारू वजनानं नव्हे, मापानं मोजतात. माप ग्रेनचं. आपला तोळा १८० ग्रेनचा ठरवलेला होता, तेव्हा १०० ग्रेन म्हणजे अर्ध्या तोळ्याहून थोडं जास्त. मात्र हे ग्रेन काळ्या दारूच्या आकारमानाचे. १९७६ पासून विकली जाणारी पायरोडेक्स आणि त्यानंतरच्या पर्यायी दारवा वजनाला हलक्या असतात, म्हणून त्या त्याच मापानं भरतात, तराजूनं नाही. साधी धूरविरहित दारू मात्र या नळीत कधीच घालायची नाही, नळी फुटून माणूस जातो.

चांगला निशाणेबाज सुरुवात कमी दारूपासून करतो, समजा ७० किंवा ८० ग्रेन. तीन गोळ्या १०० यार्डांवर, म्हणजे ९१ मीटरांवर, कागदावर मारतो. तिन्ही भोकं किती जवळ पडली ते मोजतो. मग दारू पाच-दहा ग्रेननं वाढवतो, बाकी काहीही न बदलता. गोळी तीच, गोळीभोवतीचं प्लास्टिकचं टोपण तेच, प्रायमर तेच. एकदम दोन गोष्टी बदलल्या की कशानं काय झालं हे कळत नाही. बहुतेक नळ्यांत एका ठिकाणी भोकं एकमेकांजवळ येतात आणि दारू आणखी वाढवली की पुन्हा पांगतात. तिथं थांबायचं. १५० ग्रेन भरता येतात म्हणून भरणारे लोक खांदा दुखवून घेतात, एवढंच. दोन गोष्टींची शिस्त सगळ्यांत मोठी. गोळी दरवेळी त्याच जोरानं ठासायची. त्यासाठी गजावर खूण करून ठेवतात. खूण नळीच्या तोंडाशी आली म्हणजे गोळी दारूवर टेकली. आणि दोन गोळ्यांच्या मधे ओल्या चिंधीनं नळी पुसायची, नाहीतर राखेचा थर साचून पुढची गोळी अडकते. शिकारीत पहिलीच गोळी लागायची असते आणि ती स्वच्छ, थंड नळीतून निघते, हे विसरून गरम नळीवरचे गोळ्यांचे गट मिरवणारे खूप.

कोल्हापूरकरांना ही चिकाटी परकी नाही. म्युनिकमध्ये २०१० ला जगज्जेती ठरलेली तेजस्विनी सावंत इथलीच, आणि पॅरिस ऑलिंपिकमध्ये १ ऑगस्ट २०२४ ला ४५१.४ गुणांनी कांस्य जिंकणारा स्वप्नील कुसाळे राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. त्या खेळातल्या पॉइंट २२ रायफलीची काडतुसं एकाच कंपनीची असली तरी दर खेपेची सारखी नसतात, म्हणून वरच्या पातळीवरचे नेमबाज रायफल शिकंज्यात घट्ट बांधून वेगवेगळ्या खेपा उडवून बघतात आणि आपल्या नळीला मानवणारी खेप उचलतात. नळी कुठल्या बाराला मानते ते नळीलाच विचारायचं, ही रीत दोन्हीकडं एकच.

मग ही रायफल शाहूवाडीत का नाही? परदेशी हत्यार मागवणं सामान्य परवानाधारकाला जवळपास बंद आहे, हे एक. दुसरं अधिक खोल आहे. अमेरिकेतल्या सवलतीत प्राणी मारणं गृहीत आहे, इथल्या परवान्यात नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला बंदी आहे. गवा पहिल्या अनुसूचीत, रानडुक्कर दुसऱ्या. पीक खाणारं डुक्कर मारायचं तर वनखात्याची परवानगी वेगळी लागते. पिकाच्या राखणीचा परवाना जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळतो, पण त्यानं बंदूक घरात ठेवता येते, प्राणी पाडता येत नाही. म्हणून माळ्यावरच्या बंदुकीचा खरा उपयोग आवाजाचा. तिच्यात बहुधा गोळीऐवजी छर्रे असतात किंवा नुसती दारू आणि बोळा. आवाज काढायला नेमाची काय गरज? अमेरिकन शिकारी ज्या गोष्टीसाठी वर्षभर कागदं भोकसतो, तिची या बंदुकीला मागणीच नाही. जे तरीही रात्री रानात मारायला शिरतात ते अंधारात सळसळीवर बार टाकतात, आणि डुकराऐवजी सोबतीच पडल्याच्या बातम्या कोकणात नि घाटावर येतातच. त्या अपघाताला हत्यार बदलून उपाय होणार नाही.

निवडणूक आली की परवान्याची बंदूक पोलीस ठाण्यात जमा होते. भात पोटरीत असताना ही वेळ आली तर राखणदाराच्या हातात काठी आणि बॅटरी उरते. आता बऱ्याच ठिकाणी बांधावर झटका मशीनची तार फिरली आहे, वानरांसाठी प्लास्टिकच्या नळकांड्यात कार्बाइड भरून धडाका करतात (डोळे गेल्याचेही प्रकार झालेत). नुकसानभरपाईचा अर्ज, पंचनामा, वनरक्षकाची वाट हेही आलंच. आणि ज्याला ठासणीची बंदूक खरोखर अपुरी वाटते, त्याच्यासाठी त्याच तेराव्या कलमात एक पळवाट ठेवली आहे: अधिकाऱ्याची खात्री पटली तर त्याला दुसरी बंदूक देता येते. ती मागून भरायची चालेल, पण नळी तिचीही पिळाविनाच, आतून गुळगुळीत आणि किमान वीस इंच लांब.